टिपरपासून एटीव्हीपर्यंत: आमची वाटचाल

गोव्यात डिचोली-साखळी रस्त्यावरचं आमचं गाड्यांच्या विजेच्या कामाचं दुकान उभं राहिलं ते खनिजाच्या ट्रकांवर, म्हणजे टिपरांवर. बीजिंग ऑलिम्पिकच्या आसपासची ती वर्षं. लोहखनिज चीनला जात होतं, खाणीपासून नदीच्या धक्क्यापर्यंत टिपरांची रांग तुटत नव्हती. ट्रक बंद पडला की मालकाची खेप बुडायची, त्यामुळे सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) आणि अल्टरनेटर (बॅटरी भरणारं यंत्र) यांचं काम रात्री-अपरात्रीही यायचं. 24 व्होल्टचा जड सेल्फ उतरवायचा, कार्बन ब्रश बघायचे, आर्मेचर साफ करायचं, बुश बदलायचे. आमचा हात बसला तो या कामावर.

सप्टेंबर 2012 मध्ये राज्य सरकारने खाणकाम थांबवलं आणि पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाचा खाणबंदीचा आदेश आला. घरांपुढे, माळांवर ट्रक उभे राहिले, बॅटऱ्या काढून ओसरीत ठेवल्या गेल्या. मधे थोडं सुरू झालं. मग 88 खाणपट्ट्यांचं नूतनीकरण न्यायालयाने रद्द केलं आणि मार्च 2018 पासून पुन्हा सगळं ठप्प. आमच्या पट्ट्यातली कितीतरी गॅरेजं त्या काळात बंद पडली. आमचं टिकलं, कारण तोवर दुसरं काम हाताशी आलं होतं.

ते सत्तरी तालुक्यातून आलं. वाळपईच्या पुढे एका कुळागरवाल्याने, म्हणजे पोफळीच्या बागेच्या मालकाने, पर्यटकांना बागेत फिरवायला एटीव्ही, म्हणजे कच्च्या वाटेवर चालणाऱ्या जाड टायरांच्या चारचाकी, घेतल्या होत्या. त्यांचा फोन आला, "पात्रांव, एक मशीन सेल्फच घेत नाही. बॅटरी नवी टाकली, रिले बदलला, मोटरसुद्धा बदलली. बटण दाबलं की टक् करतं आणि गप्प." रिले म्हणजे बटण दाबल्यावर बॅटरीचा करंट मोटरला जोडणारा स्विच. मोटारसायकल असती तर धक्का मारून तरी चालू झाली असती. पण या मशिनांत बेल्टवर चालणारा ऑटोमॅटिक गिअर असतो. इंजिन थांबलेलं असताना चाकांचा जोर त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. सेल्फ गेला की मशीन जागेवर.

तिथे जाऊन आधी बॅटरीला मीटर लावला. 12.7 व्होल्ट, म्हणजे पूर्ण भरलेली. मग बटण दाबून ठेवायला सांगितलं. बॅटरी 12 च्या वरच राहिली, आणि त्यातच उत्तर होतं. मोटर खरोखर करंट ओढत असती तर आकडा 10-11 पर्यंत खाली आला असता. तो येत नाही, म्हणजे करंट वाटेतच अडतोय. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरी थेट इंजिनच्या उघड्या धातूवर टेकवली, पुन्हा बटण दाबलं. तिथे अर्ध्या व्होल्टच्या आत यायला हवं, आलं जवळजवळ आठ. अर्थची वायर चासीला जिथे बोल्टने बसवली होती तो लग, म्हणजे वायरच्या टोकाची धातूची कडी, सोडवला तर खाली रंगाचा थर आणि गंज. घासून चकचकीत केला, आवळला, वर ग्रीस लावलं. काढून ठेवलेली जुनी मोटर, जुना रिले परत बसवून पाहिले, दोन्ही शाबूत निघाले.

ट्रकवर हेच काम करत आलो होतो, म्हणून ते जमलं. एटीव्हीचा सेल्फ इंजिनच्या आकाराप्रमाणे पन्नास-साठपासून शंभराच्या वरपर्यंत अँपियर ओढतो. जोडात नुसता 0.02 ओहमचा अडथळा असला आणि करंट 100 अँपियर असला, तर 2 व्होल्ट तिथेच जळतात. साध्या मीटरवर 0.02 ओहम दिसत नाही. टेस्ट बल्बही फसवतो, कारण त्याला लागतो जेमतेम एखादा अँपियर, तो वायरच्या एका धड तारेतूनही मिळतो आणि बल्ब छान पेटतो. म्हणून आमच्याकडे मोजमाप होतं ते बटण दाबलेलं असताना. बाजूला ठेवलेल्या बॅटरीचा आकडा सांगून कोणी पार्ट मागितला, तर आम्ही नम्रपणे नाही म्हणतो.

त्याच नकारावर आमचा पुढचा धंदा उभा राहिला. या मशिनांचे पार्ट गोव्यात सहज मिळत नाहीत, बाहेरून मागवावे लागतात आणि दिवस जातात. चुकीचा पार्ट मागवला तर डिसेंबरचा सिझन हातचा जातो. त्यामुळे पार्टच्या नफ्यावर दुकान चालवायचं नाही, तपासणीचा दर वेगळा लावायचा, असं आम्ही ठरवलं. सुरुवातीला लोक कुरकुरले. "काहीच बदललं नाही, मग पैसे कसले?" हे खूपदा ऐकलं. पत्नी हिशोब बघते, तिने तोडगा काढला. बिलामागे आम्ही मोजलेले आकडे लिहून द्यायला लागलो, कुठे किती व्होल्ट होते आणि काम झाल्यावर किती आले. ते कागद गिऱ्हाईक जपून ठेवतात, पुढच्या वेळी येताना घेऊन येतात.

ही मशिनं बहुतेक रस्त्यासाठी नोंदणी झालेली नसतात, त्यामुळे गिऱ्हाइकाला ती टेम्पोत घालून आणावी लागतात. म्हणून आम्हीच गाडी केली. मीटर, जंपर केबल, बारीक वायर ब्रश, थिंबल, हीट श्रिंक नळी आणि माहीत असलेली एक चांगली बॅटरी घेऊन पेडण्यापासून काणकोणपर्यंत जातो. किनाऱ्याजवळच्या मशिनांचं दुखणं आणि सत्तरीतल्या मशिनांचं दुखणं वेगळं आहे. मोरजी-हरमलकडे खारट हवेने तांबं हिरवं पडतं, आणि ते वरून दिसतंच असं नाही. वायरच्या रबरात बोट-दोन बोटं आतपर्यंत तार काळी झालेली सापडते. कुळागरात तांबडा चिखल ब्रेकच्या लिव्हरखालच्या छोट्या स्विचमध्ये जाऊन बसतो. बऱ्याच एटीव्हीत ब्रेक दाबल्याशिवाय किंवा गिअर न्यूट्रल अथवा पार्कमध्ये असल्याशिवाय रिलेला करंटच जात नाही. स्विच अडकला की मोटर, बॅटरी, रिले सगळं ठीक असूनही बटण मुकं. अशा वेळी टक् आवाजसुद्धा येत नाही, आणि फोनवर आम्ही पहिला प्रश्न तोच विचारतो: आवाज येतो का?

काहीच आवाज नसेल तर फ्यूज, किल स्विच, पर्यटकाच्या मनगटाला बांधायची दोरी जिथे लागते तो स्विच, ब्रेक आणि न्यूट्रल, असं बघत जायचं. भराभर टकटक होत असेल तर बॅटरी कमजोर किंवा टर्मिनल सैल. एकच जोरकस टक् आला तर रिलेचे आतले पॉइंट, जाड केबल, अर्थ किंवा मोटर. मोटर गरगर फिरते पण इंजिन हलत नाही, तर विजेचा प्रश्नच नाही, सेल्फचा एकतर्फी क्लच बघावा लागतो. गिऱ्हाइकाने एवढं ऐकून सांगितलं तरी आमची निम्मी धावपळ वाचते. पेचकस लावून रिलेचे दोन जाड बोल्ट जोडायचा उद्योग मात्र कोणी करू नये. ठिणगी उडते, पेट्रोलची वाफ जवळ असते आणि मशीन गिअरमध्ये असेल तर अंगावर येते. आमची पोरंसुद्धा ते आम्ही समोर असल्याशिवाय करत नाहीत.

सगळ्यात जास्त काम ऑक्टोबरमध्ये येतं. जूनपासून मशिनं ताडपत्रीखाली पडलेली असतात. चावी बंद असली तरी घड्याळ, मीटर, एखादं नंतर जोडलेलं उपकरण थोडा करंट ओढत राहतं. 20 मिलिअँपियर म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण महिनाभरात ते 14 अँपियर-अवर होतात, आणि अनेक मशिनांत बॅटरीच तेवढी असते. रिकामी राहिलेली बॅटरी आतून सल्फेट धरते, मग चार्जरलाही दाद देत नाही. सिझनमध्येही त्रास असतोच. पाच मिनिटांची फेरी, बंद, पुन्हा सेल्फ, पुन्हा फेरी. जेवढं ओढलं तेवढं परत भरायला वेळच मिळत नाही. इंजिन थोडं वाढवून बॅटरीवर 13.8 ते 14.5 व्होल्ट येत असतील तर चार्जिंग ठीक आहे आणि दोष वापरण्यात आहे, हे मालकाला समजावून सांगणं हेही आम्ही आमचंच काम मानतो.

गेली काही वर्षं आम्ही मे महिन्यातच मशिनं बघून घेतो. बॅटऱ्या काढून दुकानाच्या मागच्या खोलीत फळीवर ओळीने ठेवतो, प्रत्येकीवर मालकाचं नाव आणि व्होल्टेज, महिन्यातून एकदा चार्ज. जोड उघडून, साफ करून, ग्रीस लावून बंद. प्रेशर वॉशरचा फवारा कपलरवर, म्हणजे वायरींच्या प्लास्टिकच्या जोडांवर, मारू नका, हे त्याच वेळी सांगतो. आयटीआयमधून आलेली दोन मुलं आता हे सगळं स्वतः करतात. त्यातला एक इंजेक्शनवाल्या नव्या मशिनांचं वायरिंग शिकतोय. त्यांत व्होल्टेज जरा घसरलं की सेल्फ फिरतो, पण कंप्युटर जागा होत नाही आणि पेट्रोलचा पंप चालत नाही. पुढच्या सिझनला किनारपट्टीची गाडी त्याच्या हाती द्यायची, असं आमचं ठरलं आहे. चतुर्थी झाली की त्याच्यासाठी दुसरा मीटर घ्यायचा आहे.