ओहोळ नदीला लागला का?

वलगणीला ठरलेली तारीख नसते, म्हणून ती शाळेच्या वेळापत्रकात बसत नाही. पावसाळ्याच्या तोंडाशी नदीतले मासे अंडी घालायला प्रवाहाच्या उलट, ओहोळांत, नाळांत, पार भाताच्या खाचरांपर्यंत चढतात, ती वलगण. दुसरीकडे याच माशांना चढणीचे मासे म्हणतात. रायगडात त्या रात्री अख्खी वाडी बॅटऱ्या, पाग (फेकायची जाळी) आणि कोयते घेऊन पाण्यात असते. पूर्वी चुडी पेटवायचे.

सुधागड तालुक्यात, अंबा नदीच्या खोऱ्यात, कातकरी वाड्यांवरच्या आठवी ते दहावीच्या मुलांबरोबर मी विज्ञानाचं काम करते. घरात शिकलेलं रान आणि शाळेत शिकलेलं पर्यावरण, दोन्ही एकाच वहीत उतरवायचं आणि एकमेकांवर घासून बघायचं, हे ते काम. महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी गटांपैकी कातकरी एक. बाकीचे दोन कोलाम आणि माडिया गोंड. दिवाळीनंतर यातली बरीच मुलं आईबापांमागे वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या कामाला जातात आणि मेअखेर परततात. शाळेचं अर्धं वर्ष असं बुडतं. वलगणीला मात्र सगळी घरी असतात. म्हणून आमचा सगळा अभ्यास त्या रात्रीभोवती बांधायचा असं ठरलं.

मे महिन्यात तयारी झाली. बाटली कापून पर्जन्यमापक केले, थर्मामीटर आणि पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर वापरायला शिकलो, गढूळपणा मोजायला काळी-पांढरी तबकडी रंगवली. प्रकल्पाच्या ऑफिसातून छापील तक्ता आला होता: वेळ, पाऊस मिलिमीटरमध्ये, पाण्याचं तापमान, गढूळपणा, माशाची जात, संख्या. किती पाऊस पडला की मासे चढतात, हा प्रश्न.

तक्ता वाडीतल्या एका आजाला वाचून दाखवला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, "पावसाचं काय मोजता बाय? ओहोळ नदीला लागला का, ते बघा."

मग त्यांनी नीट समजावलं. पहिला पाऊस जमीन पिते. मग डबकी भरतात. डबकी एकमेकांना लागतात. मग कधीतरी ओहोळ वाहत जाऊन नदीला मिळतो, आणि नव्या पाण्याचा वास नदीतल्या माशाला लागला की तो निघतो. वासाचं तपासायचं साधन आमच्याकडे नव्हतं. जोडणी तपासायला डोळे पुरत होते. उन्हाळ्यात तुकड्यातुकड्यांत तुटलेला प्रवाह सलग झाल्याशिवाय माशाला वाटच नाही, हे गोड्या पाण्याच्या अभ्यासकांना चांगलं माहीत आहे. तक्ता करणाऱ्याच्या लक्षात ते आलं नव्हतं, इतकंच. नववीतल्या एका मुलीने पट्टी घेतली आणि कडेच्या कोऱ्या जागेत पेन्सिलीने एक रकाना पाडला: ‘ओहोळ नदीला लागला का? हो / नाही.’

मृग लागला आणि पाऊस आला तो ढगफुटीसारखा. बाटल्या भरून गेल्या, मुलं खुशीत. नववीवाली मात्र संगमाकडे जाऊन आली आणि म्हणाली, "नाय लागला. खाली अजून कोरडे दगड हायत." तरी पोरं गेलीच. त्या रात्री बेडूक तेवढे भेटले. पहिल्या पाण्याला मोठ्या बेडकांचे नर हळदीसारखे पिवळेधमक होतात आणि सगळा माळ ओरडून डोक्यावर घेतात. मासा एकही नाही.

पुढचा मोठा पाऊस आला तो बाटलीच्या हिशोबाने पहिल्यापेक्षा कमी होता. पण तिन्हीसांजेला ती मुलगी धावत आली. लागला होता.

आता सुरक्षेचं सांगते, कारण रात्री वाहत्या पाण्याजवळ मुलं न्यायची तर पालकांपेक्षा आपल्याच पोटात जास्त गोळा येतो. ऑफिसच्या नियमावलीत पहिला नियम गमबूट. मुलं त्यावर पोट धरधरून हसली: बुटात पाणी शिरलं की पाय उचलत नाही, माणूस आडवा होतो. खरंच आहे ते. त्या जागी आजांचा नियम आला: पाण्याखालचे दगड बोलायला लागले की बाहेर. प्रवाहाचा जोर वाढला की तळातले गोटे घरंगळतात आणि एकमेकांवर आपटतात. तो खडखडाट पायांनाही कळतो. डोळ्यांना पाणी तेवढंच दिसत असतं, तेव्हाही आवाज बदललेला असतो. शिवाय काठाला दोर बांधला, आणि मोजणारी मुलं घोट्याच्या वर पाण्यात जाणार नाहीत असं ठरलं.

संगमापासून थोडं वर त्या ओहोळावर सिमेंटचा बंधारा आहे. मुलांच्या दोन तुकड्या केल्या, एक भिंतीखाली, एक भिंतीच्या वरच्या अंगाला. दोघींनी सारख्या वेळेला, सारखा वेळ मोजायचं.

भिंतीखाली बॅटरी मारली आणि मला बोलायला सुचेना. पाणी चहासारखं लाल आणि त्यात मासेच मासे. दांडवनं उड्या मारत होती. पडत्या पाण्याच्या पडद्यात शिरायची, सिमेंटवर थडकून खाली यायची, पुन्हा उडी. शिंगट्या तळाशी ढुशा देत होत्या. पोटं इतकी टम्म की हातात धरलेल्या शिंगटीच्या पोटावरून अंगठा हलकेच फिरवला तर अंडी बाहेर येत होती. मोजणाऱ्या मुलांचे आकडे चुकायला लागले, तेव्हा त्यांनी आपणच नियम बदलला: संख्या मोजायची नाही, एका मिनिटात भिंतीवर किती उड्या आदळतात ते मोजायचं. चांगली पद्धत आहे. मला सुचली नसती.

वरच्या अंगाची तुकडी कंटाळून बसली होती. तिथे भोपळा. काही मुठे तेवढे होते, कारण खेकडा ओल्या भिंतीवरून चालत वर येऊ शकतो. दांडवनाला पाय नाहीत.

दरम्यान एका पोराच्या बादलीत मरळ आली होती. आजांनी मे महिन्यात सांगितलं होतं की मरळ मातीतून उठते, आणि तेव्हा हाच पोरगा हसला होता; शाळेत त्याने शिकलं होतं की मासा कल्ल्यांनी श्वास घेतो, पाण्याबाहेर मरतो. मी आजांचं ते वाक्य वहीतून खोडू दिलं नव्हतं, पुढे प्रश्नचिन्ह घालून ठेवायला लावलं होतं. आता बादलीत वीतभर पाण्यात ती मरळ दर थोड्या वेळाने तोंड वर काढून हवा गिळत होती. तो उकिडवा बसून बघत राहिला. मग मी सांगितलं की मरळीला कल्ल्यांवर भागतच नाही. तिला हवा घ्यायला वर येऊ दिलं नाही तर ती पाण्यातही गुदमरते. म्हणूनच आटत्या डबक्याच्या ओल्या चिखलात ती तग धरते. "म्हणजे आजाचं बरोबर?" त्याने विचारलं. निम्मं बरोबर. मातीतून उठते हे खरं, मातीत जन्मते हे नाही. त्याने प्रश्नचिन्ह तसंच ठेवून त्याच्यापुढे एवढं सगळं लिहिलं.

पहाटे वाडीवर मासे साफ करायला बसले. नववीवालीने आईला विळीवरच थांबवलं: गाबोळी तव्यात टाकण्याआधी मला दे. एका शिंगटीची पूर्ण गाबोळी काट्यावर ठेवली. त्यातला एक ग्रॅम वेगळा काढून ताटात पसरला आणि दाभणाच्या टोकाने एकेक अंडं बाजूला सारत मोजलं. तिचा धाकटा भाऊ शेजारी भाकरी घेऊन बसलेला, सारखा विचारतोय, "झालं का?" एका ग्रॅमचा आकडा गुणिले गाबोळीचं वजन. मत्स्यशास्त्राच्या प्रयोगशाळेतही असंच मोजतात. उत्तर काही हजारांत आलं आणि भाकरीवाला पहिल्यांदा गप्प झाला.

तिथून जी चर्चा पेटली ती मी कुठल्याच वर्गात ऐकलेली नाही. एकाने विचारलं, समुद्रात 1 जून ते 31 जुलै मासेमारीला बंदी असते, मग ओहोळाला का नाही? दुसरा म्हणाला, आपल्या बापजाद्यांनी कायम वलगण मारली, तरी मासे होतेच ना? सगळे आजांकडे बघायला लागले.

आजा म्हणाले, "आम्ही काय सोडत नव्हतो. मिळंल तेवढं मारायचो. पन पानी चढलं की मानूस उभा राहत नव्हता, आन मासा तवाच निघून जायचा. आता भिंतीखाली मासा थांबतो. मग मानूस पन थांबतो."

दहावीतल्या मुलाने लगेच खोडा घातला: "आन तुम्ही गेळ टाकत होता ते?" गेळीची फळं ठेचून पाण्यात टाकली की मासे गुंगून वर येतात, रामेठ्याचाही तसाच उपयोग करतात. आजा हसले. "टाकत होतो ना. उन्हाळ्यात, डोहात." मग दोघांचं बराच वेळ चाललं, की गेळ आणि आताची ब्लिचिंग पावडर यात फरक काय, आणि किती. हा प्रश्न मला फार आवडला. आपल्या पुस्तकांतला आदिवासी एक तर मागासलेला असतो, नाहीतर निसर्गाचा पुजारी. या पोराने आपल्या आजाला दोन्ही न मानता सरळ उलटतपासणी केली, आणि आजांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

दुपारी एका मोठ्या कागदावर ओहोळाचा नकाशा काढला. आजांच्या लहानपणी मासे कुठवर यायचे त्या जागा निळ्या, आता मुलांना दिसले त्या लाल. निळे ठिपके डोंगराच्या पायथ्याच्या खाचरांपर्यंत गेले. लाल सगळे भिंतीखाली. नकाशावर नाव नसलेल्या ओहोळात चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी काय होतं, याची नोंद कुठल्या खात्यात असणार? ती या एका माणसाच्या डोक्यात होती. 2002 च्या जैवविविधता कायद्याखाली अशाच माहितीसाठी लोकजैवविविधता नोंदवही आली. आम्ही त्या पंचायतीची नोंदवही मागून बघितली, तर माशांच्या यादीत सुरमई होती. डोंगरपायथ्याच्या ओहोळात सुरमई! कुठली तरी यादी जशीच्या तशी उतरवलेली, दुसरं काय.

नकाशा आणि उड्यांचे आकडे घेऊन मुलं ग्रामसभेत गेली. बंधाऱ्याचं काम बघणारे एक साहेब योगायोगाने आले होते. त्यांचं म्हणणं, भिंत फोडता येणार नाही, रब्बीला पाणी लागतं. नववीवाली म्हणाली, पाणी दिवाळीनंतर लागतं, मासा जूनमध्ये चढतो. कोल्हापुरी बंधाऱ्याच्या फळ्या पावसाळ्यात काढतात, तशी इथे खिडकी का नाही? नाहीतर खालच्या अंगाला खडबडीत दगडांचा उतार रचून द्या, मासा टप्प्याटप्प्याने चढेल. साहेबांनी भिंतीची उंची विचारली. तिला पाठ होती. "बघू," म्हणाले, आणि वहीत लिहून घेतलं. त्या बघूचं अजून काही झालेलं नाही.

तो दगडांचा उतार होईपर्यंत निदान पहिल्या रात्री भिंतीच्या पायथ्याला पाग टाकायचा नाही, असा ठराव मुलांनी वाडीपुढे मांडला. बायकांनी तो जवळजवळ उडवून लावला. एक मावशी म्हणाली, "आम्ही थांबायचं, आन पलीकडच्या गावचे येऊन भरून नेतील, त्याचं काय?" यावर मुलांकडे उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नव्हतं. आता पलीकडच्या गावातली मुलं जूनच्या मोजणीला बोलवायची, असं मुलांनी ठरवलं आहे. मावशीने एक अट घातली आहे: त्यांनी येताना पाग आणायचे नाहीत.