एवढ्याशा कमाईत हे परवडतं कसं? तुम्ही विचारलंत म्हणून

‘काकू, तुमच्याकडे आलं की उठावंसं वाटत नाही. पण हे सगळं परवडतं कसं हो?’ हे पुतणीने विचारलं, दुकानातल्या पोरींनी विचारलं, वरच्या मजल्यावर नव्याने राहायला आलेल्या सूनबाईंनीही विचारलं. दर वेळी ‘चालतं जी कसंतरी’ म्हणून मी चहा पुढे करते आणि विषय तिथेच संपतो. पण विचारणाऱ्या बहुतेक जणी नुकताच संसार मांडलेल्या असतात, आणि त्यांना खरंच उत्तर हवं असतं. म्हणून एकदा नीट लिहिते.

आधी मिळकत सांगते, नाहीतर पुढच्या बोलण्याला अर्थ नाही. मी नागपुरात, इतवारी बाजारात, किराण्याच्या एका ठोक दुकानात हिशेब लिहिते. आमचे हे कूलरच्या आणि पाण्याच्या पंपाच्या मोटरी भरतात, म्हणजे जळालेल्या मोटरीतली तांब्याची तार काढून नवी गुंडाळतात. मार्च ते जून त्यांना जेवायला फुरसत नसते आणि पावसाळा लागला की काम एकदम आटतं. नंदनवन वस्तीत भाड्याच्या दोन खोल्या आहेत, मुलगा कॉलेजात आहे. घरात एसी नाही, सोफा नाही, हप्त्यावर घेतलेली एकही वस्तू नाही.

आता उत्तर. घरातल्या सुखाचे पैसे मी महिन्याच्या सुरुवातीलाच काढून ठेवते. ‘उरले तर करू’ म्हटलं की ते कधीच होत नाही, कारण उरतच नाही. माझ्या वहीत भाडं, किराणा, वीज, फी, औषधपाणी यांच्या खाली ‘घरसुख’ नावाचं एक खातं आहे. चांगल्या महिन्यात त्यात 600 रुपये पडतात, श्रावण-भाद्रपदात 150 किंवा 200. शून्य मात्र मी लिहीत नाही. ज्या महिन्यात अगदीच ओढ असते, त्या महिन्यात त्याच पैशांतून चांगली चहापत्ती येते, दुसरं काही नाही. पण ती येते.

‘रोजचा चहा सोडा, वर्षाला एवढे हजार वाचतील’ असा सल्ला सगळीकडे ऐकू येतो. मला तो पटत नाही. दिवसभर खपून, उन्हातून घरी आलेल्या माणसाचा आल्याचा कपभर चहा काढून घ्यायचा आणि त्याला शिस्त म्हणायचं, हे मला बरोबर वाटत नाही. आणि हिशेब लिहिणारी बाई म्हणून सांगते, असे पैसे साचत नाहीत. मन मारून काढलेला महिना पंचवीस तारखेच्या आसपास कुठेतरी फुटतो आणि नको असलेली काहीतरी वस्तू घरी येते.

मग हे थोडके पैसे लावायचे कशावर? जे रोज अंगाला लागतं त्यावर. गादी, उशी, टॉवेल, प्यायचं पाणी, खोलीतला वारा, संध्याकाळचा उजेड, ताटातला भात. पाहुण्यांना दिसणाऱ्या वस्तूंचा नंबर त्यानंतर. आमचे पडदे सासूबाईंच्या जुन्या लुगड्यांचे आहेत आणि चहाचे कप एका संचातले नाहीत, पण आमच्याकडे मुक्कामाला आलेला माणूस सकाळी उठल्यावर पहिल्यांदा झोपेबद्दलच बोलतो.

त्या झोपेचं कारण गादी. आपण कापसाच्या मुलखात राहतो आणि फोमच्या गाद्या हप्त्यावर घेतो, याचं मला वाईट वाटतं. फोमवर मे महिन्यात पाठ तापते. रुईच्या गादीत हवा खेळते, घाम टिपला जातो. फक्त दोन-तीन वर्षांत रुई दबते, तिचे गोळे होतात, मध्ये खळगा पडतो, आणि लोक म्हणतात गादी गेली. गादी गेलेली नसते, ती पिंजायला आलेली असते. पिंजणाऱ्याकडे नेली की तो खोळ उसवून सगळी रुई यंत्रात घालतो. आत जाताना मळकट, चपटे, दगडासारखे गोळे जातात आणि दुसऱ्या बाजूने पांढरा फुगीर ढीग पडत राहतो. तोच कापूस, पण तंतू मोकळे झालेले आणि धूळ गाळून खाली पडलेली. तूट येते तेवढी किलो-दोन किलो नवी रुई घालायची. मग तो ढीग खोळीत भरून काठीने सारखा करतात आणि लांब दाभणाने ठरावीक अंतरावर आरपार टाके घालतात. हे टाके नीट मोजून घालायला सांगा, कारण ते विरळ पडले तर रुई सहा महिन्यांत एका बाजूला सरकते. घरी आणल्यावर एक दिवस गच्चीवर कडक ऊन द्यायचं. त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर पाठीला जे वाटतं, ते मी अजून कुठल्या महागड्या गादीच्या दुकानात बसून पाहिलं तरी वाटलेलं नाही. खर्च नव्या गादीच्या मानाने फारच थोडा येतो.

चादरी आणि उशीचे अभ्रे मी गांधीबागेच्या कापडबाजारातून कापड घेऊन शिवते. तयार संचात रंग छान असतात, पण हात लावला की कळतं, बहुतेकदा धागा सुताचा नसतो. कापडबाजारात तागा उलगडून बघता येतो, कापड चुरगाळून बघता येतं. फक्त सुती कापड शिवण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवून घ्या. ते आटतं, आणि आटल्यावर शिवलेली चादर गादीच्या कडेपर्यंत नीट पुरते.

उन्हाळ्याचं सांगितल्याशिवाय नागपुरातल्या कुठल्याही घराचं सुख सांगून होत नाही. इथे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या वर जातो. 25 मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात गेला की नवतपा लागतो आणि ते नऊ दिवस दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. तरी आम्ही एसी घेतला नाही, आणि ते नुसतं परवडत नाही म्हणून नाही. दीड टनाचा एसी कॉम्प्रेसर चालू असताना साधारण 1500 वॅट ओढतो, घरचा कूलर 200 वॅटच्या आसपास. म्हणजे कूलर रात्रभर आठ तास चालला तरी दीड-दोन युनिट. आणि आपल्याकडची मेमधली हवा इतकी कोरडी असते की कूलर इथे जसा चालतो तसा मुंबईत कधीच चालायचा नाही. पाणी कूलरच्या बाजूंना लावलेल्या गवताच्या ताट्यांमधून झिरपताना हवेतली उष्णता घेऊन वाफ होतं, त्याने हवा निवते. हवाच दमट असेल तर वाफ होणार कशी? म्हणून जुलैत तोच कूलर अंग चिकट करतो.

हे मोटरी भरतात, त्यामुळे दर उन्हाळ्यात लोक यांना विचारतात की कूलर नवा आहे तरी खोली गार का होत नाही. दहापैकी बहुतेक घरी खिडक्या बंद असतात. आत येणाऱ्या हवेला बाहेर जायला वाट हवी, समोरची खिडकी किंवा दार वीतभर उघडं हवं. नाहीतर खोलीत नुसता ओलावा साचतो. दुसरं, पाण्यातला क्षार ताट्यांवर धरतो, म्हणून ताट्या दर वर्षी बदलायच्या. टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण कोरडी करायची, कारण डेंगीचे डास अशाच साचलेल्या पाण्यात होतात. आणि हे त्यांनी मला मुद्दाम लिहायला सांगितलंय: लोखंडी कूलरला अर्थिंग असल्याशिवाय वापरू नका, आणि प्लग काढल्याशिवाय पाणी भरू नका.

आता यातली चैन. तिन्ही बाजूंना वाळ्याच्या ताट्या लावल्या तर खर्च वाढतो. आम्ही दोन बाजूंना साध्या वूडवूलच्या, म्हणजे लाकडाच्या बारीक तंतूंच्या ताट्या लावतो आणि ज्या बाजूने जास्त हवा ओढली जाते, तिथे एक वाळ्याची. वास पूर्ण खोलीत दरवळतो. पहिल्यांदा पाणी सोडल्यावर वाळा भिजून मातीसारखा, किंचित गोड वास येतो आणि माझा मुलगा, जो एरवी घरातल्या कशाकडे ढुंकून पाहत नाही, तो येऊन कूलरसमोर उभा राहतो. उरलेल्या वाळ्याची छोटी मुडी बांधून माठात सोडते. माठाला ओलं फडकं गुंडाळून त्याला वाऱ्यात ठेवायचं. माठ साबणाने घासू नका, त्याची छिद्रं बुजतात, आणि गारवा तर त्या छिद्रांमधून पाझरणाऱ्या पाण्यामुळेच असतो.

संध्याकाळी आम्ही ट्यूबलाइट लावत नाही. कोपऱ्यात छोटा पिवळा एलईडी दिवा लावतो. वीज नावाला लागते आणि खोलीचा सगळा शीण जातो. अभ्यासाला मुलाचा टेबलदिवा वेगळा.

खाण्याच्या बाबतीत मी एकच गोष्ट सांगते: साध्या जिनसेतली सगळ्यात चांगली घ्या आणि महाग जिनसेतली स्वस्त घेऊ नका. बाहेरच्या वाईट पनीरपेक्षा घरचा गोळाभात केव्हाही राजेशाही. हरभऱ्याच्या डाळीचा भरडा घ्यायचा, बारीक बेसन नाही. त्यात तिखट, मीठ, हळद, हिंग, कच्चा सांबार, म्हणजे कोथिंबीर, चिरून आणि कडकडीत तेलाचं सढळ मोहन. घट्ट गोळे वळायचे. तांदूळ अर्धवट शिजून वरचं पाणी आटत आलं की गोळे भातावर रचून झाकण ठेवायचं आणि आंच अगदी मंद करायची. वाफेवर गोळे शिजतात आणि त्यांचा स्वाद भातात उतरतो. ताटात गोळा फोडून भातात मिसळायचा आणि वरून हिंग, मोहरी, लाल मिरचीची गरम फोडणी, चुर्र आवाज यायला हवा. सोबत कढी किंवा चिंचेचं सार. चार माणसांच्या या जेवणाला जे लागतं, ते कुठल्याही घरात डब्यात असतंच. तेलात मात्र हात आखडू नका. आठवड्याचं तेल तुम्ही इतर भाज्यांत वाचवा, गोळाभाताच्या फोडणीत वाचवू नका.

आणि संत्री. नागपुरी संत्र्याला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळालं. मोठी, चकचकीत फळं बाहेरगावच्या पाहुण्यांसाठी खोक्यात भरून जातात. आपण लहान आकाराची घ्यावीत. रस तोच, भाव कमी. दिवाळीच्या सुमारास आंबिया बहाराची फळं येतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये मृग बहाराची. मला मृग बहाराची जास्त आवडतात, म्हणून दिवाळीला मी थोडीच घेते आणि घरसुखाचे पैसे शिवरात्रीच्या आसपास सढळपणे खर्च करते. साली सावलीत वाळवून दळून ठेवते, अंगाला लावायला. थंडीत आंघोळीच्या गरम पाण्यात ताज्या साली टाकल्या तर न्हाणीघरात पाच मिनिटं बागेत उभं असल्यासारखं वाटतं.

घराबाहेरच्या सुखाचं थोडक्यात. नागपुरात 2019 पासून मेट्रो आहे. प्रजापतीनगरहून बसायचं आणि लोकमान्यनगरकडे जाताना खिडकीतून अंबाझरी तलाव बघायचा. जूनच्या पहिल्या पावसानंतर हा फेरफटका आम्ही दोघं दर वर्षी मारतो. येताना सीताबर्डीला उतरून मोगऱ्याचा गजरा आणि कुठल्या तरी गाडीवर तर्री-पोहे. वाचनालयाचं सभासदत्वही याच खात्यातून भरते.

एक गोष्ट मात्र कोणी चुकीची समजू नये. कमी पैशांत सुख असतं म्हणून कमी पैसे चांगले, असं मी म्हणत नाही. आमच्या दुकानात पोती उचलणारे भाऊ टिनाच्या छताखाली राहतात. मेमध्ये ते टिन रात्री दहापर्यंत आग ओकतं. त्यांच्यासाठी कूलर ही चैन नाही, ती झोप आहे, आणि झोप नसेल तर दुसऱ्या दिवशी पोतं उचलवत नाही. त्यांना मी वहीत खातं उघडायला सांगत नाही. आमचे हे त्यांच्या टिनावर चुन्याचा पांढरा थर मारून देतात, तेवढ्याने खोली थोडी निवते. ऊन परतवायला पांढरा रंग खरंच कामी येतो. जळालेल्या कूलरच्या मोटरीसुद्धा त्यांच्याकडून मजुरी न घेता भरून देतात. यापुढचं काम पगार वाढण्याचं आहे, आणि ते व्हायलाच हवं.

ज्यांचं भाडं-किराणा कसंबसं का होईना भागतं आणि तरी घरात पाऊल टाकल्यावर बरं वाटत नाही, त्यांच्यासाठी हे लिहिलंय. अशा घरांत मी पाहिलंय की सगळी कपात बाईच्या वाट्याची असते. मुलाला मऊ टॉवेल, नवऱ्याला नवी चादर, आणि ती स्वतः फाटक्या सतरंजीवर. घरसुखाच्या खात्यातली पहिली खरेदी तिच्यासाठी करा. माझी पहिली खरेदी पाय टेकवायची एक छोटी लाकडी चौकी होती, स्वयंपाक करताना एकेक पाय आलटून पालटून वर ठेवायला. कंबर दुखायची थांबली.

आणि ज्यांनी गादीचं वाचून ठरवलं असेल त्यांना सांगते: दिवाळीच्या आधी देऊ नका, तेव्हा प्रत्येक पिंजणाऱ्याकडे ढीग लागलेले असतात आणि काम घाईत उरकलं जातं. फेब्रुवारीत द्या. रुई तुमच्या डोळ्यांसमोर पिंजून घ्या, आणि जुनी खोळ विरली असेल तर जाड गादीपाट, म्हणजे खोळीचं कापड, आधीच घेऊन, भिजवून, शिवून न्या.