तुम्ही विचारलेत म्हणून : आमच्या मुलाचे ‘कुठे चुकले’?

‘इतकी वर्षं घातलीत, मग शेवटी कुठे चुकलं?’ हा प्रश्न मला डॅलसच्या आमच्या मराठी मंडळींत गणपतीच्या आरतीनंतर विचारला जातो, पुण्यात लग्नकार्याच्या पंगतीत विचारला जातो, आणि अलीकडे तर ज्यांना माझ्या मुलाचे नावही धड आठवत नाही असे लोकही तो विचारू लागले आहेत. आमचा मुलगा अमेरिकन फुटबॉलमध्ये कॉर्नरबॅक होता, २०२३च्या उन्हाळ्यात एका व्यावसायिक संघाच्या शिबिरापर्यंत पोहोचला आणि ऑगस्टअखेर परत आला, एवढे विचारणाऱ्याला ठाऊक असतेच. त्याला हवी असते ती एक चूक, बोट ठेवून दाखवता येईल अशी. आजवर मी हसून विषय बदलत आलो. आता एकदा सविस्तर उत्तर लिहून ठेवतो, म्हणजे यापुढे मी गप्प राहिलो तर तो उद्धटपणा ठरणार नाही.

आधी त्या जागेविषयी, कारण ‘रग्बीसारखंच ना ते?’ यापलीकडे चौकशी सहसा जात नाही. साताऱ्याला शाळेत असताना मी कबड्डीत डावा कोपरारक्षक होतो, आणि मुलाने आपली जागा पहिल्यांदा सांगितली तेव्हा ‘म्हणजे कोपरारक्षकच की’ असे मी मोठ्या अभिमानाने म्हणालो होतो. ते साफ चूक होते. कबड्डीत चढाई करणारा आपल्या अंगणात येतो, आपण दबा धरून असतो, आणि घोटा हाती लागला की बाकीचे त्याच्यावर तुटून पडतात. कॉर्नरबॅकला समोरच्या रिसीव्हरवर, म्हणजे पास झेलायला पळणाऱ्या खेळाडूवर, नजर ठेवून बऱ्याचदा उलट्या पावलांनी पळावे लागते. कुठे वळायचे हे रिसीव्हरला आधीच माहीत असते, याला नसते. आणि १९७८च्या नियमबदलानंतर पहिल्या पाच यार्डांपलीकडे, म्हणजे साधारण साडेचार मीटरच्या पुढे, त्याला हाताने अडवण्याची मुभाही उरलेली नाही. पिट्सबर्गचा मेल ब्लाउंट हा कॉर्नरबॅक रिसीव्हरना इतक्या धसमुसळेपणाने अडवीत असे की तो नियम आजही त्याच्याच नावाने ओळखला जातो. ज्याने काम चोख केले त्याच्या दिशेला क्वार्टरबॅक चेंडू फेकतच नाही, आणि टीव्हीचा कॅमेरा तर चेंडूमागे जातो. त्यामुळे मुलाच्या उत्तम खेळाची नातेवाइकांना दाखवण्याजोगी चित्रफीत आमच्याकडे जवळजवळ नाही. जी एक सर्वांकडे पोहोचली आहे तिच्याविषयी पुढे लिहितो.

तो मुळात रिसीव्हर होता. चेंडू झेलता न येणारे रिसीव्हर कॉर्नरबॅक होतात असा या खेळात एक जुना विनोद आहे, आणि हायस्कूलच्या तिसऱ्या वर्षी प्रशिक्षकाने त्याला पलीकडच्या बाजूला उभे केले तेव्हा तो विनोद त्याला आठवडाभर झोंबला. मग त्याला रिचर्ड शर्मन सापडला. स्टॅनफर्डमध्ये रिसीव्हरचा कॉर्नरबॅक झालेला आणि २०११ साली व्यावसायिक संघांच्या वार्षिक खेळाडू-निवडीत पाचव्या फेरीत, १५४व्या क्रमांकावर निवडला गेलेला हा खेळाडू पुढे सिॲटलच्या बचावाचा कणा झाला. मुलाने भिंतीवर त्याचे चित्र लावले. मला मात्र त्या माणसाचे मुख्य कर्तृत्व स्टॅनफर्डची पदवी हेच वाटत असे, आणि पत्नीशी वाद घालताना मी ती पदवीच पुढे करीत असे.

वाद होत असत, हे इथे प्रथमच लिहितो आहे. २०१४ साली शाळेचे संमतिपत्र आले तेव्हा पत्नीने त्यावर सही करायला नकार दिला होता. सही माझी आहे, आणि खालचा बारीक मजकूर मी वाचला नव्हता. २०१७ साली बॉस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी मरणोत्तर दान केलेल्या मेंदूंचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात व्यावसायिक लीगमध्ये खेळलेल्या १११ जणांपैकी ११० जणांच्या मेंदूत वारंवार बसलेल्या धक्क्यांशी जोडलेला ऱ्हास आढळला होता. ज्यांना घरात काही बिघडल्याची शंका होती अशाच कुटुंबांनी प्रामुख्याने मेंदू दान केलेले असणार, म्हणून हे प्रमाण सर्व खेळाडूंना लागू होत नाही, असे मी पत्नीला समजावले. संशोधकांनीही ती मर्यादा मान्य केली होती, तेव्हा माझे म्हणणे बरोबरच होते. पण ते मी कशासाठी सांगत होतो हे तिला आणि मला दोघांनाही कळत होते. कॉलेजच्या चौथ्या वर्षी त्याच्या डोक्याला मार लागून तो बारा दिवस अंधाऱ्या खोलीत होता, ही गोष्ट आम्हाला तीन आठवड्यांनी कळली. मी त्याला खेळ सोडायला सांगितले नाही. ‘कुठे चुकलं’ म्हणून खरोखरच विचारायचे असेल तर इथे विचारावे. पण इथे कोणी विचारत नाही.

कॉलेजची वर्षे झपाट्याने सांगतो. पहिली दोन वर्षे त्याला शिष्यवृत्ती नव्हती, तेव्हा ‘खेळावर फुकट शिकला’ हे तुम्ही ऐकलेले अर्धेच खरे आहे. शेवटच्या वर्षी तो नियमित खेळला. निवडीपूर्वीच्या चाचणीत ४० यार्डांची धाव त्याने ४.४७ सेकंदांत पूर्ण केली, आणि ती चांगली आहे; परंतु तिथे हातांची लांबीही मोजतात, कारण लांब हातांचा कॉर्नरबॅक अर्धे पाऊल मागे पडूनही चेंडूला बोट लावू शकतो. त्याचे हात तीस इंचांना जेमतेम लागले. ते हात माझ्याकडून आलेले आहेत.

एप्रिल २०२३ मध्ये कॅन्सस सिटीला झालेल्या निवडीत सात फेऱ्यांमध्ये २५९ नावे पुकारली गेली, त्यांत त्याचे नव्हते. नंतर तासाभरात एका संघाने शिबिराला बोलावले. त्या रात्री घरात जो तो माल्कम बटलरचे नाव घेत होता. बटलरलाही निवडीत कोणी घेतले नव्हते, त्याने एके काळी तळलेल्या कोंबडीच्या दुकानात काम केले होते, आणि १ फेब्रुवारी २०१५ रोजी सुपर बोलच्या, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्याच्या, शेवटच्या मिनिटात गोलरेषेवर सिॲटलचा पास मध्येच पकडून त्याने न्यू इंग्लंडला विजेतेपद मिळवून दिले होते. मीही ती कथा उत्साहाने सांगितली. तिचा उत्तरार्ध मात्र मी सांगितला नाही: तीनच वर्षांनी, २०१८च्या अंतिम सामन्यात, हंगामभर जवळजवळ प्रत्येक खेळीत मैदानावर असलेल्या त्याच बटलरला बचावाच्या एकाही खेळीत उतरवले गेले नाही, आणि का, हे लोक अजून एकमेकांना विचारत असतात. ज्याने विजेतेपद मिळवून दिले त्याचेही ‘कुठे चुकले’ हे जिथे उलगडत नाही, तिथे तुम्ही माझ्याकडे उत्तर मागता.

शिबिरात नव्वद जण असतात, त्यांत त्या वर्षी अकरा कॉर्नरबॅक होते. अंतिम त्रेपन्नांत पाच, फार तर सहा राहतात. त्यातले पहिले तिघे रिसीव्हर रोखतात म्हणून राहतात. पाचवा आणि सहावा राहतो तो पंट मारल्यावर, म्हणजे चेंडू लाथेने लांब प्रतिपक्षाकडे धाडल्यावर, मैदानाच्या कडेने सुसाट धावत जाऊन चेंडू झेलणाऱ्याला खाली पाडतो म्हणून. या कामाला गनर म्हणतात, आणि आमच्या मुलाने कॉलेजात ते फारसे केलेले नव्हते.

आता ती चित्रफीत. सराव-सामन्यांपैकी तिसऱ्या आणि शेवटच्या सामन्यात, चौथ्या सत्रात, रिसीव्हरने आत वळल्याची हूल दिली, मुलगा आत झुकला, आणि रिसीव्हर सरळ पुढे निघून गेला. चेंडू मुलाच्या डोक्यावरून गेला आणि टचडाउन झाले, म्हणजे समोरच्यांना गुण मिळाले. पुण्याच्या आमच्या कौटुंबिक गटावर ती नऊ सेकंदांची चित्रफीत मी घरी पोहोचण्याआधी येऊन पडली होती. ‘तिथंच चुकलं’ असे तुम्ही म्हणता. माझे उत्तर असे की अशी हूल लीगमधल्या प्रत्येक कॉर्नरबॅकने कधी ना कधी खाल्लेली आहे, शिवाय त्या खेळीत मागे मदतीला कोणी ठेवलेले नव्हते, आणि जो मुलगा सहावा म्हणून राहिला त्यानेही त्याच सामन्यात मार खाल्ला होता. तो राहिला तो गनर होता म्हणून. अर्थात हे माझे अनुमान आहे. संघ कारण लिहून देत नाहीत.

इथवर मी मुलाची बाजू मांडली. आता माझी सांगतो. मी त्या सामन्याला प्रेक्षकांत होतो. चेंडू हवेत होता आणि मुलगा दोन पावले मागे पडला होता, त्या क्षणी माझ्या मनात पहिला विचार आला तो ‘आता सुटू’ असा. दुःख आले, पण ते नंतर आले.

२९ ऑगस्ट २०२३, मंगळवार. त्या वर्षी नव्वदांवरून त्रेपन्नांवर येण्यासाठी एकच मुदत होती, आमच्या घड्याळाप्रमाणे दुपारी तीन. बत्तीस संघांचा हिशेब केला तर त्या मुदतीपर्यंत ११००हून अधिक माणसांची नावे कमी व्हायची होती. श्रावणातला मंगळवार असल्याने पत्नी एका मैत्रिणीच्या सुनेच्या मंगळागौरीच्या तयारीला गेली होती. मी कचेरीत होतो. ज्या कर्मचाऱ्यावर ही बोलावणी करण्याची पाळी येते त्याला या खेळात फार पूर्वीपासून ‘टर्क’ म्हणतात; तो येतो आणि साहेबांनी बोलावले आहे, डावांची वही घेऊन ये, असे सांगतो. आता वहीच्या जागी टॅब्लेट आहे. आमच्याकडे तो सकाळी नाश्त्याच्या वेळी आला. मुलाने टॅब्लेट परत दिला, वैद्यकीय तपासणीच्या कागदावर सही केली, आणि पावणेअकराला मला फोन केला.

‘बाबा, झालं,’ एवढेच तो म्हणाला.

‘बरं झालं, एकदाचं कळलं तरी,’ मी म्हणालो.

हे वाक्य आपल्याकडे कोणीही म्हणते. परीक्षेचा निकाल लागला की म्हणते, दवाखान्यातून तपासणीचा कागद आला की म्हणते. त्याचा अर्थ टांगणी संपली एवढाच असतो, आणि मी ते त्याच अर्थाने म्हणालो, असे मी पत्नीला, मुलीला आणि स्वतःला वर्षभर सांगत होतो. पण मुलगा मराठी ऐकत वाढलेला आहे. त्याने शब्दांइतकाच सूरही ऐकला.

‘बरं झालं?’ त्याने विचारले.

‘तसं नाही रे,’ मी म्हणालो, आणि तिथे थांबायला हवे होते, परंतु मी थांबलो नाही. पुढच्या दोन मिनिटांत मी त्याला पदव्युत्तर प्रवेशाच्या तारखा सांगितल्या, त्याची गुणपत्रिका चांगली असल्याची आठवण करून दिली, आणि गुडघे शाबूत असताना बाहेर पडणारे थोडे असतात हेही सांगितले. त्या तारखा मला पाठ होत्या. कशा पाठ होत्या, हे त्याने विचारले नाही. ‘मला विमानाचं बघायचंय,’ म्हणून त्याने फोन ठेवला.

सोडलेल्या नवख्या खेळाडूवर इतर संघांना दुसऱ्या दिवशी अकरापर्यंत हक्क सांगता येतो. ती राखीपौर्णिमा होती. मी अकरापर्यंत यादी पुन्हा पुन्हा उघडून पाहत होतो, आणि आदल्या दिवशी ‘बरं झालं’ म्हणणारा माणूस हाच का, असे कोणी विचारले असते तर मला सांगता आले नसते. कोणी हक्क सांगितला नाही. बहिणीने पाठवलेली राखी संघाच्या हॉटेलवर तो निघाल्यावर पोहोचली, आणि सप्टेंबरात गणपती बसल्यावर आमच्या पत्त्यावर परत आली.

त्याच संध्याकाळी दुसऱ्या एका संघाने त्याला सराव-तुकडीत घेतले. आठवड्याला १२,००० डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावाने जवळजवळ दहा लाख रुपये, हे ऐकून पुण्यातला सूर एकदम बदलला होता, हे मी विसरलेलो नाही. करार मात्र आठवड्याचाच असतो. नऊ आठवड्यांनी तोही संपला. लीगच्या निवृत्तिवेतनाला पात्र व्हायला तीन हंगाम लागतात; आमच्या मुलाच्या नावावर एक सामनाही नाही. खेळाडूंच्या संघटनेच्या आकड्यानुसार सरासरी कारकीर्द ३.३ वर्षांची असते, लीगला तो आकडा मान्य नाही, आणि त्या वादात आमच्यासारख्यांना कोणीच मोजत नाही.

तो आता दिवसा नोकरी करतो, आणि संध्याकाळी एका हायस्कूलच्या मुलांना उलट्या पावलांनी पळायला शिकवतो. मागच्या दिवाळीत जेवण झाल्यावर त्याने अचानक विचारले, ‘तुला तेव्हा बरंच वाटलं होतं ना?’ मी नाही म्हणालो. २०१४ साली सही करणारा मी आणि त्या फोनवर बोलणारा मी, यांतला एक तरी चुकीचा असला पाहिजे असे मला वाटते. पण कोणता, याचा निर्णय मी दर आठवड्याला बदलतो.

परवा कॅनडातल्या एका संघाकडून त्याला चाचणीसाठी विचारणा झाली. तिथले मैदान ६५ यार्ड रुंद असते, इथल्यापेक्षा जवळजवळ बारा यार्डांनी अधिक, आणि खेळी सुरू होण्याआधीच रिसीव्हरला पुढे धावत येण्याची मुभा असते. थोडक्यात, कॉर्नरबॅकचे काम तिथे आणखी अवघड. हे सगळे त्यानेच मला समजावून सांगितले, आणि ‘तुला काय वाटतं?’ असे विचारले. रविवारी सांगतो, असे मी म्हणालो आहे.