गुटीचा जाम

आमच्या वऱ्हाडात पेरूला जाम म्हणतात आणि जामाचं रोप कोणी मागत नाही. "काकू, यंदा एक गुटी आमच्यासाठी बांधजा," असं मिरगातच सांगून ठेवतात. पोळ्यापर्यंत मग मागणारा निवांत.

गुटी म्हणजे फांदी झाडावरच ठेवून तिला मुळं फोडायला लावायची आणि मग कापून वेगळी लावायची, हा तसा धसमुसळाच प्रकार. आर्द्रा लागल्या की गेल्या वर्षीची, पेन्सिलीएवढी जाड, सरळ फांदी धरायची. दोन बोटं रुंद साल गोल काढून टाकायची आणि आतला बुळबुळीत थर चाकूच्या पाठीने नीट खरवडायचा. इथे आळस केला तर झाड गुपचूप साल पुन्हा सांधून घेतं आणि पोळ्याला हाती येते नुसती ओली पिशवी. खरवडून झालं की कृषी केंद्रातून आणलेलं शेवाळ भिजवून, घट्ट पिळून त्या जागेवर मूठभर लावायचं, वरून प्लास्टिकचा कागद गुंडाळायचा, दोन्ही टोकं सुतळीने करकचून बांधायची. प्लास्टिक येण्याआधी मातीचा गोळा गोणपाटात बांधत, वर भोकाचं मडकं टांगत आणि चिंधीच्या वातीने थेंब थेंब पाणी देत. एवढी उस्तवार माझ्याच्यानं झाली नसती.

साल सोललेली फांदी वाळत कशी नाही, हे मी आमच्या गल्लीतल्या काकाजींना एकदा विचारलं. "कायले वाळन? पाणी मधातल्या लाकडातून चढते, बाई. सालीतून खाली येते ते अन्न. तेवढं अडते, बस." पुस्तकातलंही एवढंच. पानांनी केलेली साखर आणि वाढीची द्रव्यं कापाच्या वरच्या कडेशी तुंबतात आणि ओल मिळाली की तिथूनच मुळं निघतात. दीड-दोन महिन्यांत ती प्लास्टिकआडून दिसू लागतात. पांढरी दिसली की पोरं कात्री घेऊन धावतात. पण ती तपकिरी होईपर्यंत हात लावू नये.

मला या सगळ्यात नवल वाटतं ते निराळ्याच गोष्टीचं. बी पेरली तर मूळ झाडासारखाच जाम लागेल याचा भरवसा नाही. गुटीत मात्र तेच झाड दुसऱ्याच्या अंगणात जाऊन उभं राहतं. सासूबाईंच्या विहिरीजवळच्या लाल गराच्या जामाच्या गुट्या कुठे कुठे गेल्या आहेत. त्यातल्या कुणाचं वय विचारलं तर काय सांगावं? कमरेएवढं झाड दोन-तीन वर्षांत फळ देतं, कारण ते पोर नव्हेच. जाणत्या फांदीला नवे पाय फुटलेत. संत्र्याचं असं नाही. तिकडे वरूड-मोर्शीत, शेंदुरजना घाटच्या नर्सऱ्यांत, जंबेरी लिंबाच्या खुंटावर, म्हणजे मुळासकटच्या रोपावर, नागपुरी संत्र्याचा डोळा भरतात, म्हणजे त्याची कळी सालीत बसवतात. फळ गोड संत्र्याचं, मुळं मात्र आंबट जंबेरीची. बुडातून जंबेरीचे फुटवे निघाले की काढत राहावं लागतं, नाहीतर खुंटच झाड होऊन बसतो.

उधारीच्या मुळांना आम्ही नावं ठेवू नयेत म्हणा. गुटीच्या झाडाला सोटमूळ नसतं. मुळं वरवर पसरतात, त्यामुळे वैशाखातल्या वादळात ते कलतं आणि पारा पंचेचाळिशीला गेला की आधी तेच मान टाकतं. पाणी हाताशी असेल तिथेच गुटी लावावी, या मताची मी आहे.

यंदा धाकट्या जावेने धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, लावायला गुटी मागितली. धुऱ्यावर चैत्र-वैशाखात पाणी कोण घालणार, असं विचारलं तर नुसती हसली. म्हटलं, "न्हाणीमागे लाव, तिथं सांडपाणी आपसूक मिळते."

"तिथं त तुमचाच जाम उभा हाये नं, जाऊबाई!"