तुम्ही विचारलंत म्हणून: माझ्या गिटारच्या चार्टवर सी-डी-ई का नाही?

गोव्यात फोंड्याला माझ्याकडे गिटार शिकायला येणाऱ्या मुलांचे आई-वडील भिंतीवरचे चार्ट, म्हणजे गिटारच्या मानेवर कुठला सूर कुठे आहे ते दाखवणारे तक्ते, बघतात आणि विचारतात, "असले चार्ट इंटरनेटवर फुकट मिळतात ना? मग तुम्ही घरी बसून का बनवता?" एखादे दुसरे गिटार शिक्षक आले की त्यांचा प्रश्न जरा वेगळा असतो: "यावर सी, डी, ई ही सुरांची पाश्चात्य नावं कुठायत? सा रे ग कशाला?" दोन्हींचं उत्तर एकच आहे. ते एकदा नीट लिहून काढतो.

तयार चार्ट चुकीचे नसतात. अडचण अशी की ते सगळं एकदम सांगायला जातात. सहा तारा, बावीस फ्रेट (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या), म्हणजे एकशे बत्तीस घरं, आणि प्रत्येक घरात रंगीत अक्षर. दहा वर्षांच्या मुलाने त्यातून काय उचलायचं? शिवाय अक्षर फक्त सुराचं नाव सांगतं. तो सूर सा पासून किती लांब आहे, सा ला तो कोण लागतो, हे त्यात कुठेच नसतं. आणि स्केल म्हणजे तर तेवढंच: एक सा, आणि त्याच्यापासूनची ठरावीक अंतरं.

आमच्याकडे ही गोष्ट जास्तच महत्त्वाची आहे, कारण मुलं दोन वाटांनी येतात. काही देवळातल्या भजनातून येतात. घरात पेटी असते, श्रावणात वास्कोच्या सप्ताहाला काकांच्या मागे बसून टाळ वाजवलेले असतात. त्यांना कोमल-तीव्र ऐकून कळतं आणि पट्टी, म्हणजे पेटीच्या कुठल्या पट्टीवर सा धरायचा, विचारली की "काळी दोन" असं पटकन उत्तर येतं. काही चर्चच्या क्वायरमधून येतात. त्यांच्या घराण्यात आजोबांच्या व्हायोलिनपासून दो रे मी फा सोल चालत आलेलं असतं आणि कागदावरचं स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवरची पाश्चात्य स्वरलिपी, ती बिनधास्त वाचतात. दोघंही माझ्या त्याच सतरंजीवर बसतात. पहिल्याला सी शार्प म्हटलं तर तो गप्प बसतो, दुसऱ्याला काळी एक म्हटलं तर तो. सूर मात्र एकच असतो. म्हणून माझ्या चार्टच्या डोक्यावर दोन्ही लिहिलेलं असतं, "सा = काळी एक = सी शार्प", आणि खाली ठिपक्यांत फक्त सा रे ग म. क्वायरमधल्या मुलांसाठी त्याच जागी दो रे मी छापायची सोय आहे.

गोव्याला हे काही नवीन नाही. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ साली मुंबईत इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला आणि रागांवर आधारलेल्या रचना पाश्चात्य वाद्यवृंदासाठी लिहिल्या. पणजीत कला अकादमीच्या एकाच छताखाली दोन्ही संगीतं शिकवली जातात. माझा चार्ट त्या परंपरेतलं अगदी लहान काम आहे, पण आहे त्यातलंच असं मी मानतो.

आता हे चार्ट काढणारं माझं यंत्र. यंत्र म्हणजे एक एचटीएमएल फाईल, वेबपानासारखी. लॅपटॉपवर तिच्यावर दोनदा टिचकी मारली की ब्राउझरमध्ये उघडते, इंटरनेट लागत नाही. पावसात आमच्याकडे लाइट आणि नेट दोन्ही जातं, तेव्हा याचा फार उपयोग होतो. आतला हिशेब चौथीच्या भागाकाराचा आहे. सी ला ० धरून बी ला ११ पर्यंत बारा सुरांना क्रमांक द्यायचे. मोकळ्या तारेचा क्रमांक अधिक फ्रेट वजा सा चा क्रमांक, त्याला बाराने भागायचं आणि बाकी बघायची. बाकी ० आली तर सा, २ आली तर शुद्ध रिषभ, ३ आली तर कोमल गंधार. पाचवी तार ए ची, तिचा क्रमांक ९. तिसऱ्या फ्रेटवर होतात १२. सा पांढरी एक, म्हणजे सी, असेल तर बाकी शून्य, म्हणजे ते घर सा चं. तेच घर, सा काळी एक केला की बाकी ११, म्हणजे शुद्ध निषाद. बिलावलची, म्हणजे सगळ्या शुद्ध सुरांची, यादी ०, २, ४, ५, ७, ९, ११ अशी. बाकी यादीत असेल तरच ठिपका पडतो. एखाद्याने डी ट्यूनिंगसाठी सहावी तार उतरवली तर एकच आकडा बदलायचा, त्या तारेवरचे सगळे ठिपके आपोआप सरकतात.

मुलांचं एक गणित मात्र यंत्राने सुटत नाही. गिटारच्या शेजारच्या दोन तारांत पाच अर्धस्वरांचं (एक अर्धस्वर म्हणजे एक घर) अंतर असतं, फक्त तिसऱ्या आणि दुसऱ्या तारेत चार. त्यामुळे जाड तारांवर बसवलेला बोटांचा आकार तिथे आला की एका घराने पुढे सरकतो, आणि बहुतेक मुलं तिथेच अडखळतात. मी चार्टवर त्या दोन तारांमधला पट्टा फिकट करड्या रंगाने भरतो. काही समजावून न सांगताही मुलं तिथे हात सावरून घेतात.

स्वतःचं यंत्र असण्याचं सगळ्यात मोठं सुख मला मूर्च्छनेत, म्हणजे सूर तेच ठेवून सा बदलण्यात, मिळालं. पांढरी एक सा धरून भूप रागाचे सूर काढा: सा रे ग प ध. मानेवर ठिपक्यांची एक नक्षी तयार होते. आता ठिपके तसेच ठेवा आणि फक्त सा हलवा. सा पांढरी दोनवर नेला की सा रे म प नी॒ (अक्षराखालची रेघ म्हणजे कोमल), मधमाद सारंगाचे सूर. पांढरी तीनवर नेला की सा ग॒ म ध॒ नी॒, मालकंस. पांढरी पाचवर दुर्गा. पांढरी सहावर सा ग॒ म प नी॒, धानी. गिटारवाले ज्याला मायनर पेंटॅटॉनिक म्हणतात आणि ब्लूज-रॉक वाजवणारा ज्याच्यावाचून एक दिवस काढत नाही, तेच हे. पाच चार्ट, एकही ठिपका हललेला नाही. माझ्या चार्टवर सा नेहमी काळ्या चौकोनात असतो आणि बाकीचे सूर गोलात, त्यामुळे पाच कागद शेजारी लावले की नुसता चौकोन फिरताना दिसतो. भजनातून आलेली एक मुलगी पाचही कागदांवर बोट फिरवत राहिली, पुन्हा पुन्हा "सर, सा खंय?" (सा कुठे?) असं स्वतःशीच पुटपुटत. मग गिटार उचलून तिने आधी भूप वाजवला आणि बोटं तिथेच ठेवून मालकंसात गेली. सी-डी-ई लिहिलेले पाच चार्ट शेजारी लावा, ते पाचही सारखेच दिसतील, कारण अक्षरं बदलतच नाहीत. सा-रे-ग लिहिण्याचं माझं खरं कारण हे.

चौकोन आणि गोल ठेवण्यामागे आणखी एक कारण आहे. मुलं चार्टची झेरॉक्स काढून नेतात, आणि काळ्या-पांढऱ्या प्रतीत लाल-हिरवं सगळं सारखंच करडं होतं. काहींना मुळातच लाल-हिरवा फरक दिसत नाही. आकार कुठल्याही प्रतीत टिकतो.

गाणाऱ्या मंडळींची एक रास्त हरकत असते: भूप म्हणजे पाच सूर नव्हेत. अगदी मान्य. त्याच पाच सुरांत देशकारही आहे. भूपाचा वादी, म्हणजे मुख्य सूर, गंधार, देशकाराचा धैवत, आणि दोघांची चाल वेगळी. म्हणून चार्टच्या माथ्यावर मी "राग भूप" लिहीत नाही, "भूपाचे सूर" लिहितो. राग गुरूकडून यावा, कागदाने फक्त घरं दाखवावीत. गिटारचे फ्रेट समान अंतराच्या सप्तकात बसवलेले असल्यामुळे त्यावरचा शुद्ध गंधार तंबोऱ्यात ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा थोडा चढा असतो, सुमारे १४ सेंट, म्हणजे एका अर्धस्वराचा सातवा हिस्सा. चार्टवर हे दाखवता येत नाही आणि मी तसा प्रयत्नही करत नाही. मुलांना तंबोऱ्याबरोबर बसवलं की कान ते आपसूक पकडतात.

कागदावर मात्र मी फार जीव लावला आहे. माझा भिंतीवरचा चार्ट ए-थ्री आडवा असतो, ४२० मिलिमीटर रुंद. साडेपंचवीस इंची, म्हणजे ६४८ मिलिमीटर तारेच्या गिटारवर बारावा फ्रेट बरोबर अर्ध्यावर, ३२४ मिलिमीटरवर येतो. म्हणजे बारा फ्रेट त्यांच्या खऱ्या मापात कागदावर मावतात! पहिलं घर ३६ मिलिमीटरचं, बारावं १९ चं, गिटारवर असतं तसंच. गिटारची मान चार्टखाली आडवी धरली की कागदावरचा फ्रेट आणि लाकडावरचा फ्रेट एका रेषेत येतात. तारांमधलं अंतर मात्र मुद्दाम दुपटीने वाढवलेलं आहे, नाहीतर ठिपक्यात अक्षर मावत नाही. ठिपका घराच्या मध्यावर न ठेवता फ्रेटच्या पट्टीजवळ ठेवतो, कारण बोट तिथेच टेकायचं असतं; मागे टेकलं तर तार खरखरते.

छापताना दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. छपाईच्या खिडकीत "पानात बसवा" असा पर्याय आधीच निवडलेला असतो आणि तो सगळं माप आक्रसून टाकतो. तिथे १०० टक्के करायचं. खात्रीसाठी चार्टच्या तळाला १०० मिलिमीटरची एक रेघ असते, तिला पट्टी लावून बघायची. दुसरं, दुकानात एचटीएमएल फाईल न्यायची नाही. तिथल्या संगणकावर देवनागरी फाँट नसला तर अक्षरं फुटतात. घरीच पीडीएफ करून न्यायची, फाँट तिच्यात बांधलेला राहतो. कोमल सुराखालची आडवी रेघ आणि तीव्र मध्यमावरची उभी रेघ मी अक्षर म्हणून टाइप करत नाही, चित्र म्हणून काढतो, कारण काही फाँटमध्ये ती मात्रेत अडकते आणि कोमल रिषभ लांबून शुद्धच वाटतो.

पावसाबद्दल न सांगून चालणार नाही. जूनपासून आमच्या भिंतींना ओल येते. साध्या इंकजेटची शाई त्या दमटपणात फुटते, लेझर प्रिंटची भुकटी कागदावर वितळून बसलेली असते, ती टिकते. लॅमिनेशन मॅटच घ्यावं, चकचकीत कागदावर ट्यूबलाइट पडली की अर्धे सूर दिसेनासे होतात. आणि लॅमिनेशनची कड कागदाला लागून कापू देऊ नका. चारी बाजूंनी अर्धा सेंटिमीटर प्लास्टिक सोडायला सांगा, नाहीतर गणपती येईपर्यंत कडेने बुरशी आत शिरते.

फाईल हवी असेल तर माझ्याकडून न्या, पैसे नकोत. डावखुऱ्यांसाठी आरशातला चार्ट निघतो. पेटीची पट्टी पांढरी एकपासून काळी पाचपर्यंत निवडता येते. फक्त पहिला चार्ट काढताना पाचच फ्रेट आणि एकच सप्तक निवडा, आणि मुलाला तो पाठ झाल्याशिवाय दुसरा छापू नका.