‘एवढा घोडा झालास, अजून लोळतोयस?’

रविवार, रात्र

रविवारी सकाळी दहा वाजून गेले की कितीतरी घरांत हे वाक्य ऐकू येतं. बोलणाऱ्याला राग थोडाच आलेला असतो, जिभेला सवय झालेली असते. चौदा वर्षांच्या मुलाच्या मनात मात्र त्यातलं ‘आळशी’ तेवढं उरतं. वर्षभर हे ऐकलेल्या मुलाला स्वतःबद्दल चार ओळी लिहायला सांगितल्या, तर ‘मी आळशी आहे’ हे तो सहज लिहून जातो. ‘मला झोप उशिरा लागते’ असं लिहायचं त्याला सुचतही नाही.

वयात येताना झोप आणणाऱ्या मेलाटोनिन या हार्मोनची वेळच पुढे सरकते, कधी कधी दोन तासांपर्यंत. पूर्वी नऊला पेंगणारं पोर अकरापर्यंत टक्क जागं असतं. १३ ते १८ या वयात रोज ८ ते १० तास झोप हवी. आता हिशोब मांडू. साडेअकराला डोळा लागला आणि सातच्या शाळेसाठी पावणेसहाला उठवलं, तर झोप झाली सव्वासहा तास. रोज किमान पावणेदोन तास कमी. सोमवार ते शनिवार धरले तर साडेदहा तासांची थकबाकी. रविवारी तो लोळत नसतो, ती थकबाकी फेडत असतो.

राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं ठरवलं. लहानग्यांसाठी चांगलंच झालं. पण झोपेचं घड्याळ सरकतं ते साधारण सातवी-आठवीपासून, आणि ते वर्ग अजूनही कित्येक ठिकाणी सातच्या सुमाराला भरतात. मोठ्या मुलांच्या शाळा साडेआठच्या आधी नकोत, असं अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्येच सांगितलं होतं. हा मुद्दा आपल्या पालकसभेत निघायला हवा, असं मनापासून वाटतं.

घरात करता येण्यासारखं बरंच आहे. दुपारी चारनंतर चहा-कॉफी बंद. झोपायच्या तासभर आधी फोन बाहेरच्या खोलीत, आणि मोठ्यांचेही तिथेच. उठल्यावर पंधरा-वीस मिनिटं गॅलरीत, उजेडात. दुपारची डुलकी अर्ध्या तासावर नको. रविवारी नेहमीपेक्षा फार तर दोन तास उशिरा उठावं. बारापर्यंत झोपू दिलं की रात्री झोप येत नाही आणि सोमवारची सकाळ भांडणाने सुरू होते.

या वयासाठी आपल्याकडे तयार शब्दांची कमी नाही. शिंगं फुटलीत, पंख फुटलेत, आगाऊ, उंडगा. मुलींना ‘घोडी झालीस’ म्हणतात, त्यात अंगाकडे बघणंही येतं, म्हणून ते जास्त लागतं. कित्येक मुली त्यानंतर खांदे पुढे ओढून चालू लागतात.

किशोरवय म्हणजे वादळ, ही कल्पना अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली हॉल यांनी १९०४ मध्ये रुजवली. बहुतेक मुलांचं हे वय मोठ्या उलथापालथीशिवाय पार पडतं, असं पुढच्या संशोधनात दिसलं. पण वादळ लोकांच्या डोक्यात बसलं ते बसलंच. मुलंही त्याच अपेक्षेने स्वतःकडे बघतात. ‘या वयात सगळेच बेजबाबदार असतात’ असं मानणारी मुलं पुढे तशी वागण्याचा संभव जास्त, हे यांग कू आणि ईवा पोमेरँट्झ या मानसशास्त्रज्ञांच्या कामातून दिसतं.

मग बोलायचं कसं? दिसलेली गोष्ट, तिची वेळ आणि एकच मागणी. ‘काल साडेसातला क्लासहून येणार होतास, आठ वाजले. उशीर होणार असेल तर एक मेसेज टाक.’ त्यात ‘तू नेहमीच’ आलं की मूल मेसेजचं विसरतं आणि ‘नेहमीच’वर वाद घालतं. पाहुण्यांसमोर तर नकोच.

कौतुकात एक चूक हमखास होते. ‘आमची मुलगी बाई हल्लीच्या पोरांसारखी नाही.’ ऐकायला गोड. पण त्यातून ‘हल्लीची पोरं वाईटच’ हे पक्कं होतं, आणि मुलीला एकदाही चुकायची मुभा उरत नाही. त्यापेक्षा तिने केलेल्या कामाचं नाव घ्यावं: ‘आजोबांच्या गोळ्या तू आठवणीने दिल्यास.’

मुलांसाठी कागदाचा एक साधा उपाय आहे. डावीकडे, आपल्या वयाच्या मुलांबद्दल लोक काय म्हणतात. उजवीकडे, गेल्या ७ दिवसांत मी आणि माझ्या मित्रमैत्रिणींनी खरंच काय केलं. डावी बाजू भराभर भरते. उजवीकडे पेन अडतं. तिथे मोठ्यांनी सुचवू नये, थांबावं. ‘धाकट्याला शाळेत सोडलं’ यायला पाच मिनिटं लागतात, पण येतं.

सगळ्यात जास्त काळजी वाटते ती ‘वयाचं आहे, जाईल’ या वाक्याची. झोप, जेवण, मित्र, आवडीचा खेळ यांत दोन आठवडे सलग बिघाड दिसला, मूल गप्प किंवा सतत चिडलेलं असलं, तर ते वयावर ढकलू नये. सरकारी रुग्णालयांतली ‘मैत्री’ केंद्रं १० ते १९ वयाच्या मुलांसाठीच आहेत. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, पैसे पडत नाहीत, आणि मराठीत बोलता येतं. मूल स्वतःबद्दल ‘मी नसलो तरी चालेल’ असं काही बोललं, तर दोन आठवडे मोजत बसू नये. त्याला एकटं न सोडता लगेच फोन करावा.