डिझेल पंप गळत होता, शेवटी स्वतःच उघडला

दोन महिने गाडीखाली डिझेलचा डाग पडत होता आणि मी रोज उद्यावर ढकलत होतो. मग सकाळी स्टार्टिंगचा त्रास सुरू झाला. चार-पाच वेळा सेल्फ मारायचा, भसकन पांढरा धूर, मग कुठे गाडी चालू. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की जिथून डिझेल बाहेर येतं तिथूनच गाडी बंद असताना हवा आत जाते, आणि रात्रभरात लाईनीतलं डिझेल टाकीकडे परत उतरतं.

माझा पंप, म्हणजे इंजिनला प्रेशरने डिझेल पुरवणारा, बॉशचा व्हीई टाईप, म्हणजे एकाच प्लंजरने सगळ्या सिलिंडरना डिझेल वाटणारा रोटरी. १९७५ सालचं डिझाईन आहे, पण अजून ढिगाने चालू आहेत. याला वेगळं ऑईल नसतं, आत डिझेल भरलेलं असतं आणि त्यावरच सगळं वंगण चालतं. म्हणजे जरा कुठे रबर गेलं की गळती ठरलेलीच.

आधी मी गाढवपणा केला. पाईपचा बंजो बोल्ट (पोकळ बोल्ट, ज्यातून डिझेल जातं) ओला दिसला म्हणून तांब्याचे वायसर बदलले, दुसऱ्या दिवशी डाग तिथेच. मग पंप ब्रशने धुतला, फडक्याने कोरडा केला आणि वरून चक्क टाल्कम पावडर मारली. इंजिन चालू केल्यावर पाचेक मिनिटांत पांढऱ्या पावडरीत एक काळपट ओली रेघ उमटली, थेट वरच्या ॲक्सिलरेटर लिव्हरच्या शाफ्टपासून खाली. तिथून ओघळून बंजोवर जमा होत होतं, आणि मी बिचाऱ्या बंजोला धरून बसलो होतो. (चालू इंजिनच्या नोझल पाईपांजवळ मात्र बोट फिरवून गळती शोधू नका. तिथे शंभर बारच्या वर प्रेशर असतं, बारीक फवारा कातडीत घुसला तर सरळ हॉस्पिटल.)

काम तसं छोटं आहे. लिव्हरचा नट काढायचा, लिव्हर उचलायचा, कव्हरचे चार बोल्ट सोडायचे. खरी मेख पुढे आहे, गव्हर्नरची (इंजिनचा वेग सांभाळणाऱ्या भागाची) स्प्रिंग शाफ्टच्या खालच्या टोकाला अडकवलेली असते, म्हणून कव्हर वर उचलताना शाफ्ट बोटाने खाली दाबून ठेवायचा, नाहीतर सगळं ओढलं जातं. शाफ्टची जुनी ओ-रिंग (रबरी कडी) बाहेर आली ती गोल राहिलीच नव्हती, चपटी, काळी, नख लावलं तर कट्कन तुटली. जुन्या नायट्राईल रबराचं हेच होतं. कमी सल्फरचं डिझेल बनवताना त्यातले ॲरोमॅटिक्सही कमी होतात, त्यांच्यामुळे फुगून राहिलेलं रबर मग आकसतं. नवी टाकली ती व्हायटनची, म्हणजे डिझेलला जास्त टिकणाऱ्या रबराची, कव्हरचं गॅस्केटपण त्याच हाताने बदललं. जुन्या गॅस्केटचं चिकटलेलं लाकडाच्या पट्टीने काढलं, पॉलिश पेपर अजिबात नाही, त्याची कचकच आत गेली तर पंपच संपला.

दोन बंजो बोल्ट दिसायला सारखे, पण रिटर्नच्या बोल्टवर "आऊट" लिहिलेलं असतं आणि त्यात बारीकसं भोक असतं, त्यावर आतलं प्रेशर टिकतं. अदलाबदल झाली की गाडी धड चालत नाही. मला हे माहीत होतं म्हणून दोन वेगळ्या डब्यांत ठेवले आणि फुशारकीत राहिलो, पण लिव्हर शाफ्टवर कुठल्या दात्यावर होता त्याची खूण केली मार्करने! ती डिझेलने पुसून गेली. अंदाजाने बसवला, तर चालू केल्या केल्या इंजिन नुसतं भणभणतंय. बंद केलं, लिव्हर एक दाता मागे घेतला, मग आयडलिंग जागेवर आलं. खूण सुईने ओरखडून करायची असते हो.

गाडी चालू करण्याआधी एअर काढायला पंपात रिटर्नच्या भोकातून स्वच्छ डिझेल भरलं, नोझलचे नट अर्धा आटा ढिले केले आणि दहा-दहा सेकंद सेल्फ मारला, बुडबुडे थांबून सलग डिझेल आलं तसे नट आवळले.

मागे पाईप जिथे लागतात त्या हेडला आणि फुल लोडच्या स्क्रूला (जास्तीत जास्त किती डिझेल जाईल ते ठरवणारा) मी हात लावलेला नाही. हेडचीही ओ-रिंग जाते, पण ते पूर्ण बाहेर ओढलं तर आतल्या स्प्रिंगा आणि शिमा (पातळ चकत्या) जागा सोडतात आणि मग पंप टेस्ट बेंचवरच, म्हणजे पंप तपासून सेट करायच्या मशीनवर, न्यावा लागतो.

आता तीन आठवडे झाले, खाली पसरलेला पुठ्ठा कोरडा आहे आणि सकाळी पहिल्या सेल्फला गाडी चालू होते. पुढच्या शाफ्ट सीलपाशी किंचित ओल वाटतेय खरी, पण त्यासाठी टायमिंग बेल्ट उतरवावा लागेल, तेव्हा बेल्ट बदलायला येईल तेव्हाच बघू.